बरणीतल्या बाळाची पाचवी

दोष आवडीआत्याचा. पहिल्यालाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. आवडीआत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण, आमच्या घरची मालकीण आणि कर्जतपासून कोंडाण्यापर्यंतची सुईण. या टापूत जे दोन पायांवर चालतात, त्यांतल्या निम्म्यांना तिनं जन्मतः पायाला धरून उलटं टांगलेलं आहे. अशा बाईला तोंडावर कोण सांगणार, तुझं चुकलं म्हणून? म्हणून मी इथं लिहून सांगतो.

गोष्ट चौतीस सालच्या उन्हाळ्यातली. त्याच्या आदल्या वर्षी मी इंग्रजी शाळा सोडली होती. (सोडली असं मी म्हणतो. हेडमास्तर वेगळं म्हणतात. छडीशिवाय त्यांना काही पटवून देता येत नाही, म्हणून मी माझंच धरून चालतो.) बापाला मला कचेरीत चिकटवायचं होतं. ते जमेना, तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी समोर बसलेला असताना आत्याला सांगायचा, "त्याला म्हनावं, म्हशी सोड."

आत्या माझ्याकडे वळायची. "म्हशी सोड म्हनतो."

"ऐकलं म्हणावं," मी आत्याला सांगायचो.

हा सरकारी पत्रव्यवहार पुरा होईपर्यंत म्हशी आपल्या आपण नदीवर जाऊन यायच्या.

अशात स्टेशनापलीकडच्या कापणी झालेल्या शेतात वाल्मिकशेटचा सिनेमाचा तंबू लागला. मुंबईत चित्रं बोलायला लागली होती, म्हणून तिथली मुकी चित्रं फिरत फिरत आमच्याकडे यायची. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचून मराठीत ओरडून सांगणारा शेटचा माणूस तापानं नेरळला पडला होता. मी जाऊन एक पाटी खणखणीत वाचून दाखवली.

"कर्जतचे खेळ निभाव," शेट म्हणाला. "चित्र भीतीचं आहे. लोकांची बोबडी वळली पाहिजे. वळली तर तू आमच्याबरोबर खोपोलीला, मग घाट चढून पुणं, सोलापूर."

सोलापूर! तिथं माझ्या बापाला कोणी ओळखत नव्हतं. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मनापासून मागितलं नव्हतं.

घरच्यांसाठी दोन फुकट पास मिळत होते. ते मी आत्याच्या हातावर ठेवले. बापानं एकदा मला चार माणसांसमोर उंचावर उभं राहून बोलताना बघावं, एवढंच मनात होतं.

चित्र एका डोकं फिरलेल्या डॉक्टराचं होतं. डोंगरावरच्या बंगल्यात तो कसली कसली द्रावणं उकळतो, विजेच्या ठिणग्या पाडतो आणि माणसाएवढ्या काचेच्या बरणीत एक माणूस तयार करतो. मी पडद्याशेजारी स्टुलावर उभा होतो, हातात पत्र्याचा कर्णा. "देवानं करायचं काम हा डॉक्टर करतो आहे हो!" असं मी ओरडलो तेव्हा तंबूत कोणी विडीसुद्धा ओढत नव्हतं. बरणी फुटली. आतून तो निघाला. फिक्कट, लांबलचक, डोळे खोल गेलेले. बायकांनी पदर तोंडात धरले. झालं, म्हटलं, सोलापूर आलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "आरं, पोर रडलं नाय!"

मी दुर्लक्ष केलं. आत्या उभीच राहिली. "रडलं नाय गं बायांनो! तो बाप्या बघत काय ऱ्हायलाय? पाठीत थापटी मार म्हनावं!"

"आत्या, खाली बस. तो सहा फुटांचा आहे."

"सहा फुटांचा असंल. जल्मला तर आत्ताच ना?"

मागून हिरू हमाल ओरडला, "नाळ कुनी कापली, आवडीआत्या?"

"तेच इचारते मी! इळा नाय, ऊन पानी नाय, बाईमानूस नाय घरात. असं कुटं बालंतपन अस्तं?"

लोक हसायला लागले. पडद्यावर डॉक्टरानं आपण केलेल्या माणसाचं तोंड एकदा पाहिलं, किंचाळला (म्हणजे तोंड उघडलं) आणि दार लावून पळून गेला.

"पळाला," आत्या म्हणाली. "बाप पळतातच. ह्यो मोरू नाय पळाला? भावजय गेली, पोर माज्या मांडीवर, आन् ह्यो भिसेगावात जाऊन बसला. आठ दिस पोराचं त्वांड बगाया आला नाय."

मोरू म्हणजे माझा बाप. तो तिच्या शेजारीच बसला होता. पोर म्हणजे मी. आई माझ्या जन्मातच गेली हे मला ठाऊक होतं. भिसेगावचं ठाऊक नव्हतं.

तंबूत हसणं थांबलं. पडद्यावर तो लांबलचक माणूस बंद दारावर हात ठेवून उभा होता. खाली इंग्रजी पाटी आली आणि गेली. मी वाचली नाही. पुढच्या दोन-तीनही तशाच गेल्या. शेट मशीन फिरवता फिरवता मागून शिव्या देत होता, पण मला बापाकडे बघायचं होतं आणि तो जमिनीकडे बघत होता. कर्जतला आगगाडी येते, तार येते, आणि एक गोष्ट घरातल्या घरात पोचायला एकोणीस वर्षं लागतात. थोर माणसं. त्यांचं मौन आपण मोठेपणा समजतो.

दुसऱ्या दिवशी आत्यानं निकाल दिला. बरणीतलं ते पोर पुढं माणसं मारत सुटतं, कारण त्याची पाचवी पुजलेली नाही. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते. या बिचाऱ्याचं कपाळ कोरं, मग ते तरी काय करणार? तेव्हा आज खेळाआधी पडद्यापुढं पाचवी पुजायची.

"हा अडाणीपणा आहे," मी म्हणालो. "ते चित्र आहे, आत्या. छायेचा खेळ!"

"मंग छायेला नशीब नको व्हय रं?"

मी शेटकडे धावलो. शेटनं दाढी खाजवली. "बायका किती येतील?"

"सगळ्या! तेच तर—"

"तिकीट काढून?"

झालं. पैशापुढं शेटचाही हेडमास्तर झाला, माझं काही ऐकून घेईना.

संध्याकाळी पडद्याखाली पाट मांडला. त्यावर पाटा-वरवंटा, नवा खण, सटवाईला लिहायला कोरा कागद आणि बोरू, उशाला विळा. शेजारी पाण्यानं भरलेल्या घागरी आणि तुपाचा दिवा. पाचवीचा दिवा रात्रभर विझू द्यायचा नसतो, त्यामुळे खेळ सुरू झाला तरी दिवा तिथंच. दिव्याच्या उजेडात पडद्यावरचे डॉक्टराचे पाय पुसून गेले होते. तो बंगलाभर गुडघ्यांवर फिरत होता.

तरी मी हरलो नाही. आवाज इतका लावला की हिरू हमालसुद्धा गप्प बसला. बरणी फुटली आणि पडदाभर एकच तोंड आलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आता ओरडणार, तोच आत्या दिवा घेऊन उठली.

"थांब रं जरा. बगू दे, सटवाईनं काय लिवलंय काय."

"आत्या, मागं हो!"

"कपाळ बगते न्हवं," असं म्हणत तिनं दिवा वर धरला. टाचा उंचावल्या. आणखी वर धरला.

पडद्यानं कपाळातच पेट घेतला.

पुढं काय झालं ते नीट सांगतो, कारण गावात वेगळं सांगतात. मी पळालो नाही. मी स्टुलावरून पडलो. उठलो आणि तंबूच्या बाहेर सापडलो. आत पहिल्या रांगेतल्या बापानं एका हातानं आत्याला मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं पाचवीच्या घागरी पडद्यावर रित्या केल्या. कोणाला इजा झाली नाही. पडदा तेवढा गेला.

"पास तुझे, आत्या तुझी," शेट म्हणाला. खोपोलीचं नाव त्यानं काढलं नाही.

घरी आत्या ओट्यावर खिन्न बसली होती. "इतकी पोरं झाली माज्या हातून. ह्ये एकच दगावलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सकाळी नदीवर जाऊन डोक्यावरनं सुतकाची आंगोळ कर."

"मी का?"

"बाप तर पळून गेला त्याचा. तुज्याबिगर त्याच्या वतीनं बोलनारं व्हतं कोन?"

उल्हास नदीत मी गळ्यापर्यंत उभा असताना पुलावरून तंबूच्या बैलगाड्या खोपोलीच्या वाटेला लागल्या. माझा कर्णा शेवटच्या गाडीत उपडा पडलेला दिसला. काठावर बाप येऊन उभा राहिला. हातात कोरडं धोतर. आत्या सोबत नव्हती, त्यामुळे निरोप पोचवायला कोणी नव्हतं. तो बराच वेळ खाकरला. भिसेगावचं काही बोलेल, असं मला वाटलं. मी पाण्यातच थांबलो.

"ह्ये घे," तो सरळ माझ्याशी म्हणाला. "माजं हाय. धुऊन परत दे."

माझी नोकरी गेली. सर्दी झाली.