काचेबाहेर दिलेलं बाळ

परीक्षेच्या दिवशी संगणकातल्या कौशी मजुरणीने आपलं तान्हं बाळ काचेतून बाहेर काढलं आणि शालनच्या मांडीवर दिलं. "ताई, स्लॅब होईस्तोवर धरा जरा. इथं नुसत्या सळया आहेत."

बांधकाम सुपरवायझरच्या वर्गात इमारत संगणकातच उभी करायची असते. आतल्या मजुरांना कामं वाटून द्यायची आणि वेळेत स्लॅब टाकायचा. जमलं तर शालन सुपरवायझर होणार होती, नाहीतर पुन्हा डोक्यावर घमेलं. तिची स्वतःची लेक घरी सासूजवळ होती. सकाळी लेकीचं अंग जरा कोमट लागलं होतं, त्यामुळे शालनचा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. त्यात हे दुसरं.

बाळ थोपटलं नाही की रडायचं. ते रडलं की आत कौशीचे हात थांबायचे. कौशी थांबली की घमेल्यांची रांग तुटायची, आणि मधेच थांबलेला स्लॅब पुढे गळतो, हे कुणालाही ठाऊक. माऊसला तर हात हवाच. शेवटी शालनने परीक्षक कुलथे सरांना बाळ धरायला सांगितलं.

सरांनी नियम काढून बघितले. परीक्षकाने उमेदवाराला मदत करायची नाही, असं होतं.

"बाळ उमेदवाराचं नाही, मजुराचं आहे," शालन म्हणाली.

सरांना ते पटलं. त्यांनी बाळ खांद्यावर घेतलं.

स्लॅब वेळेत झाला. कौशीने हात पुढे केले. शालनने आत नीट पाहिलं, तर ऊन, धूळ आणि उघड्या सळया. आधी सावलीला शेड बांधा, झोळी टांगा, मग बाळ मिळेल, असं तिने बजावलं. शेड नकाशात नाही, वेळ संपेल, असं सर म्हणाले.

"संपू दे, सर. बाळाला काय सळयांत निजवू?"

मजुरांनी शेड बांधली. वेळ संपली.

उमेदवाराला नापास करायचं असेल तर बटण दाबा, असं संगणकाने सरांना सांगितलं. सरांचे दोन्ही हात बाळाखाली होते आणि बाळाचा नुकताच डोळा लागला होता.

"तुम्हीच दाबता का?" ते कुजबुजले.

"स्वतःचा निकाल स्वतः कसा लावायचा, सर? नियमात बसत नाही."

सरांनी मान डोलावली, तीही हळूच. संगणकाने थोडी वाट पाहिली, परीक्षकाची हरकत नाही असं धरलं आणि शालनला पास केलं.

कौशीने काचेतून वाकून बाळ अलगद उचललं आणि झोळीत घातलं. शालन तडक घराकडे धावली. सर मात्र बराच वेळ रिकामा खांदा थोपटत बसले होते.