वारा बघायचा कार्यक्रम

"वारा? आमच्याकडे?" नाना छाती फुगवून म्हणाले. "अरे, सगळ्या गावाला वाटून उरेल एवढा वारा आहे आमच्याकडे! नुसता फुकट चाललाय!"

हे ते समोर राहणाऱ्या पेंटरला सांगत होते. नानांच्या घरावर छोटी पवनचक्की बसणार, ही बातमी पेंटरने गेल्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकली होती की त्याला आता नुसत्या शब्दानेच गरगरायला लागलं होतं.

नानांची सगळी नोकरी वीजकंपनीत मीटर वाचण्यात गेली. लोकांच्या जिन्याखाली, कोळिष्टकांत डोकं खुपसून त्यांनी आकडे लिहिले. या सगळ्या मीटरांच्या चकत्या एकाच दिशेने फिरायच्या, बिल वाढायच्या दिशेने! निवृत्त झाल्यावर नानांच्या मनात एकच इच्छा उरली. आपली वीज आपण करायची, उरलेली कंपनीला द्यायची, आणि आपल्या घरचं मीटर एकदा तरी उलटं फिरताना बघायचं.

"एकदा उलटं फिरलं की मी डोळे मिटायला मोकळा!"

"त्याआधी गच्चीवरची टाकी धुवा," नानी म्हणाली. "मग काय मिटायचं ते मिटा."

पण नानांच्या अंगात वारं शिरलं होतं. त्याला कारण होतं याच घरात गेलेलं त्यांचं बालपण. घर गावाच्या टोकाला, टेकाडावर. पश्चिमेला नुसतं उघडं माळरान. नानांच्या आठवणीतला वारा असा की दार उघडायला एक माणूस पुरे, पण लावायला घरदार लागायचं! वडिलांची छत्री एकदा उलटी झाली ती शेवटपर्यंत उलटीच राहिली. शेजारची कोंबडी नानांच्या अंगणात अंडी घालायची, कारण समोरून वारा असला की तिला घरी परत जाताच यायचं नाही! आणि छोटा नाना? तो अंगणाच्या टोकाला जाऊन दोन्ही हात पसरून त्या वाऱ्यावर रेलून उभा राहायचा म्हणे. वाऱ्याने धरलेला!

हे सांगताना नानांचा आवाज ओला व्हायचा. अंगणातल्या बादलीचा गडगडत जाणारा आवाज, आईने चादरींना लावलेल्या चिमट्यांची टकटक, त्या चादरींचं फडफडणं... त्यांना सगळं ऐकू यायचं. पवनचक्की हे निमित्त होतं. त्यांना तो वारा परत घरी आणायचा होता.

पंचाईत एवढीच होती की हल्ली तो घरी फारसा येत नव्हता.

जागा बघायला पवनचक्कीवाल्यांकडून मुलगी येणार, त्या सकाळी हे नानांच्या लक्षात आलं. बैठकीच्या खिडकीचा पडदा शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखा मुकाट उभा होता.

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. मग टेबलफॅन उचलून खिडकीखाली, जुन्या ट्रंकेच्या आड ठेवला आणि बटण दाबलं. पडदा झोकात उडाला!

"नान्या, हे काय चाललंय?" आक्का म्हणाली. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, चार दिवस राहायला आलेली. तिच्या नजरेतून नाना आयुष्यात कधी सुटले नव्हते.

"वाऱ्याला थोडी मदत."

मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात मोजमापाची यंत्रं, वागायला साधी. सोफ्यावर बसली. पडदा तिच्या चेहऱ्यावर येऊन लोळायला लागला.

"बघितलंत?" नाना म्हणाले. "हे तर काहीच नाही. आज जरा पडलेलाच आहे."

"काका, तो घरघर आवाज कसला?"

"फ्रिजचा! जुना आहे."

आणि त्याच क्षणी पडदा हळूच खाली आला, सरळ झाला आणि पुन्हा शिक्षा झाल्यासारखा उभा राहिला.

आतून नानीचा आवाज आला, "अहो, लाइट गेले!"

"वाऱ्यासकट गेले," आक्का म्हणाली.

मुलीने ट्रंकेमागे वाकून पाहिलं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "काका, पवनचक्कीवर पंखा चालतो. पंख्यावर पवनचक्की नाही चालत. गच्चीवर जाऊ या का?"

गच्चीवर तिने सॅकमधून एक पतंग काढला. त्याच्या दोरीला थोड्या थोड्या अंतरावर रंगीत फिती बांधलेल्या होत्या. फिती सरळ आडव्या राहिल्या तर वारा स्वच्छ, चक्कीच्या कामाचा. गोल गोल फिरल्या, लोंबल्या, तर वारा घुसळलेला, बिनकामाचा. हे ऐकेपर्यंत नानांनी तिच्या हातातली दोरी घेतली होती.

"पतंग? अगं पोरी, या हातांनी..."

"काका, तो ऑफिसचा आहे, परत जमा करावा लागतो..."

नाना धावले. वारा प्यायलेल्या वासरासारखे गच्चीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे! पतंग उठला, डुलला, नानांनी "आला बघा!" अशी आरोळी ठोकली, आणि पतंगाने कोलांटी मारली. फिती एकमेकींत गुंतल्या. मग पतंगाने सरळ पश्चिमेच्या झाडांत जाऊन मुक्काम ठोकला.

ही झाडं म्हणजे सुरूंची एक दाट रांग. घराच्या दुप्पट उंच, कुंपणाला लागून भिंतीसारखी उभी. त्यांची सूं सूं नानांच्या कानांना इतकी सवयीची होती की ती त्यांना ऐकूच यायची नाही.

"राहू द्या काका, मी सांगेन ऑफिसात."

"छे! माझ्या घरात सरकारी... म्हणजे, ऑफिसची वस्तू हरवणार नाही!"

कठड्यापर्यंत एक फांदी आलेली होती. नानीने "अहो, वय काय आपलं!" म्हणेपर्यंत नानांचा एक पाय फांदीवर होता. "अहो, गुडघे!" म्हणेपर्यंत दुसराही गेला. मग फांद्यांतून वाट काढत ते खोडाच्या पलीकडच्या बाजूला गेले, आणि दिसेनासे झाले.



"नान्या?" आक्काने हाक मारली. "पडलास का?"

"आक्का!" वरून ओरडा आला. "आहे गं! इथे आहे!"

"पतंग?"

"वारा!"

झाडांच्या पलीकडे माळरानावरून वारा थेट नानांच्या तोंडावर येत होता. तोच! डोळ्यांत पाणी आणणारा, कानांत गाणारा, सदऱ्याची पाठ फुगवणारा! इतकी वर्षं तो रोज येत होता, आणि झाडांशी थबकून, वरून निघून जात होता.

तोवर गल्ली जमली होती. पेंटर शिडी घेऊन आला होता, पण ती लावायच्या आधी त्याला थोडं बघायचंही होतं.

मुलीने झाडांची उंची मोजली. "काका, जागा खरं तर उत्तम आहे!" ती ओरडली. "पण चक्की या झाडांपेक्षा बरीच उंच लागेल, तेवढा खांब या गच्चीला झेपणार नाही. ही रांग नसती तर लगेच हो म्हटलं असतं!"

"मग काढू या रांग!" नाना वरून गरजले. "आजच! पेंटर, करवतवाल्याला बोलव!"

"त्याच झाडावर बसून?" पेंटर म्हणाला.

आक्का कठड्यापाशी आली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"नान्या, ही झाडं कोणासाठी लावली, ठाऊक आहे तुला?"

"वडिलांनी लावली. सावलीला."

"आईने लावली. तुझ्यासाठी. वारा सुटला की पत्रे वाजायचे आणि तू कॉटखाली जाऊन बसायचास. जेवायला बाहेर येत नव्हतास. शाळेत जाताना माझा हात असा धरायचास की वळ उठायचे."

"मी? मी तर हात पसरून..."

"ती मी!" आक्का म्हणाली. "हात पसरून उभी मी राहायचे. तू कॉटखालून बघायचास."



"आईने कुठून कुठून रोपं आणली. धुण्याचं उरलेलं पाणी घातलं. दर वर्षी तुला विचारायची, आता वारा कमी झाला का रे? तू म्हणायचास, थोडा. ती पुन्हा बादली उचलायची. मग एका वर्षी खूप सुटला होता, आणि तू कॉटखाली गेलाच नाहीस. जेवत बसलास. त्यानंतर तिने विचारलं नाही."

 फक्त सुरूंची सूं सूं. मग वरून हळूच आवाज आला, "करवतवाल्याला नको सांगू रे."

"सांगितलंच नव्हतं," पेंटर म्हणाला.

त्याच वेळी मोठी झुळूक आली. सगळी रांग कलली आणि नानाही तिच्याबरोबर कलले. त्यांनी डोळे मिटून खोडाला अशी मिठी मारली की नानी म्हणाली, इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला कधी अशी मारली नाही.

शेवटी पेंटरने त्यांना शिडीवरून पायरी पायरी करत उतरवलं. पतंग नानांच्या दातांत होता. गुडघे सोलले होते, केसांत काड्या होत्या. मुलीने पतंग पुसून सॅकमध्ये ठेवला आणि आपली वही उघडली.

"काका, जागा अयोग्य असं लिहावं लागेल. कारण म्हणून झाडांचा अडथळा..."

"नाही!" नाना म्हणाले. "झाडांना नावं नाही ठेवायची. लिहा, मालक वाऱ्याला भितो."

मुलीचा पेन थांबला. ती आक्काकडे बघायला लागली.

"लिही बाई पटकन," आक्का म्हणाली. "लाइट आले की हा पुन्हा शूर होईल!"