आगाशे साहेबांची तिरकी गाडी

रस्त्यात उभी असलेली कुठलीही गाडी दिसली की आगाशे साहेब तिच्यापुढे उकिडवे बसतात. गाडी कुणाची, आत कोण, काही बघत नाहीत. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बोटं आडवी घालतात आणि जाहीर करतात, "इकडे चार बोटं, तिकडे साडेतीन. बसलीय!"

एकदा गल्लीत वरात थांबली होती. बँडवाले गाल फुगवून वाजवतायत आणि साहेब फुलांच्या गाडीच्या मागच्या चाकाशी. उठले ते थेट खिडकीत डोकं घालून नवरदेवाला म्हणाले, "भैया, ज़रा बीच में बैठिए. गाड़ी झुक रही है." नवरदेव बिचारा सेहऱ्यासकट सरकला.

साहेब इथे लखनौलाच रेल्वेत इंजिनियर होते. लग्न केलं नाही. मी त्यांच्या कँटीनमध्ये चपात्या लाटल्या. शाळा सातवीपर्यंत, तीही मार खाऊन. मानक नगरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं, म्हणून बोलणं. नाहीतर असल्या माणसाशी कोण बोलतं?

कुठलीही तक्रार सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला. "आधी जमीन तपासली का?" गाडी तिरकी दिसली तर आधी जमीन सपाट आहे का ते बघायचं, मग चाकातली हवा, मग कमानी, म्हणजे चाकावरच्या पोलादी पत्त्यांच्या स्प्रिंगा. ठीक आहे. पण माझा गुडघा दुखला तरी तेच. "जमीन तपासली का, शिंदे? तुमची फरशी उतरती असणार."

आणि गंमत म्हणजे त्यांची स्वतःचीच गाडी तिरकी. वडिलांच्या वेळची, काळी, गोल पाठीची. मागून डावीकडे उचललेली आणि पुढून उजवीकडे दबलेली. लोक हसायचे. साहेब म्हणायचे, "रिकाम्या गाडीचं माप घेऊ नये. भरली की बघा."

भरायची ती आम्ही. रविवारी आलमबागेत सब्जी, आंब्याच्या दिवसांत मलिहाबाद. मी पुढे, माझी बायको मंदा मागे, डाव्या दाराशी. तिला तीच जागा लागायची. अंगाने भरलेली, त्यात मणक्याचं दुखणं. बागेतून निघालं की दशहरी चोखत बसायची. साहेब ओरडायचे, "मंदावहिनी, सीट!" ती म्हणायची, "गुपचूप चालवा भावजी. तुमच्या सीटलाही जरा गोडी कळू दे."

हिवाळ्यात मंदा गेली.

तेराव्याला साहेब आले, जेवले. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. बाहेर जाऊन स्वतःच्याच गाडीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "शिंदे, गाडी आता तिरकीच राहते."

माझं डोकं फिरलं. "माझं माणूस गेलं आणि तुम्ही बोटं कसली मोजताय? चालते व्हा!"

गेले. मीही पुढे बोललो नाही.

आंबे सुरू झाले तेव्हा एका सकाळी दारात साहेबांच्या गाडीचा भोंगा वाजला. "सलीमकडे जातोय. तुम्ही चला."

"मला गाडीतलं काय कळतं?"

"कळायची गरज नाही. बसा."

सलीम आलमबागेतला त्यांचा मिस्त्री. गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "साहब, पीछे बाईं कमानी में वही एक पत्ती ज़्यादा है, जो आपने डलवाई थी. इसी से गाड़ी उठी है. निकाल दूँ?"

मी विचारलं, "जादा पत्ती कशाला घातली होती?"

साहेब चष्मा पुसायला लागले. "खड्डा आला की गाडी वहिनींच्या बाजूने खाली आपटायची. त्या बोलायच्या नाहीत, पण मला आरशात तोंड दिसायचं ना."

"मग सांगायचं की तिला!"

"काय सांगू? वहिनी, तुमच्या वजनासाठी पत्ती घातलीय? चपलेने मारलं असतं मला."

"मारलंच असतं," मी म्हणालो. आणि हसायलाच आलं. तिच्यामागे पहिल्यांदा.

साहेब हसले नाहीत. "आता ती काढायला पाहिजे, शिंदे. माप तेच सांगतंय. पण मी एकट्याने कशी काढू?"

मी मागचं डावं दार उघडलं आणि तिच्या जागेवर बसलो. तिथे कधी बसलोच नव्हतो. सीटवर आंब्याचे डाग तसेच होते. म्हटलं, "घाला बोटं."

साहेबांनी घातली. "साडेचार. उजवीकडे चार. तुमच्याने काही होत नाही."

"मग पेट्या लागतील. चला मलिहाबादला. सलीम, पत्ती रहने दे!"

येताना मी डाव्या दाराशी, दशहरीच्या पेट्या मांडीवर आणि पायांशी. वाटेत खड्डे भरपूर लागले. गाडी एकदाही आपटली नाही.

घरापुढे थांबलो. साहेब उतरले आणि उकिडवे बसून आधी इकडे, मग तिकडे बोटं घातली. "चार. दोन्हीकडे चार," म्हणाले आणि तिथेच बसून राहिले. उठेनात. मान खाली.

पेट्या उतरवल्या असत्या तर गाडी पुन्हा वर गेली असती. मी हललो नाही.

"सावकाश बघा, साहेब," मी म्हणालो. "जमीनही तपासून घ्या."