श्वास घेणारी भिंत

कला आणि विज्ञान हातात हात घालून चालल्याशिवाय समुद्र वाचणार नाही, याविषयी आता सर्वांचे एकमत झाले आहे. (समुद्राला विचारलेले नाही.) आमच्या मकास्सर शहरात हा योग जुळून आला तेव्हा कलेच्या बाजूने मी होतो आणि विज्ञानाच्या बाजूने डॉ. तेनरी. कामाची वाटणी रीतसर झाली. शेवाळ तिचे, काचेच्या नळ्या तिच्या, त्यांत हवा सोडणारा पंप तिचा. संकल्पना माझी.

बंदरातून आणलेले ते शेवाळ तेनरीने प्रयोगशाळेत पोटच्या पोरासारखे वाढवले होते. गटाराच्या पाण्यातही ते जगते आणि पाणी निवळत जाते, एवढेच तिला नगरपालिकेला दाखवायचे होते. मला काय दाखवायचे होते ते माझ्या निवेदनात सविस्तर दिले आहे. (मलाही ते दुसऱ्या वाचनात समजले.)

कलादालनात नळ्यांची भिंत उभी राहिली. हिरवीगार, आत बुडबुडे. दोष एकच, पंप घरघरायचा.

"या आवाजानं शांततेचा सगळा परिणाम जातो," मी म्हणालो.

"डाएंग, तुम्हीही घोरता म्हणे. मग वहिनी काय तुमचं नाक दाबून धरतात?" तेनरी म्हणाली. "पंपाला हात लावायचा नाही."

एवढे बजावून ती बहिणीच्या लग्नाला बोनेला गेली. मी पंपाला हात लावला नाही. प्लग काढला.

ती परतली ती थेट उद्घाटनाला. भिंत तपकिरी पडली होती आणि दालनात शिळ्या मासळीचा वास होता. तिने काचेवर तळहात टेकवला.

"प्लग कुणी काढला?"

मी कलेच्या इतिहासाविषयी बोलू लागलो.

पाहुणे आले. एका समीक्षकाने डोळे पुसले आणि तो म्हणाला, "महासागराचा शोक." तेव्हा तेनरीने माइक घेतला.

"शोकबिक काही नाही. पंप बंद होता, म्हणून माझं शेवाळ गुदमरून मेलं. प्लग यांनी काढला."

मग लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नगरपालिकेचे साहेब तर धावत पुढे आले आणि हेच भाषण त्यांनी वर्धापनदिनाला मागितले.

"अहो, भाषण कसलं? कालव्याचं पाणी तपासू द्या मला."

"तेही घ्या ना भाषणात," साहेब म्हणाले.

भिंत आता दौऱ्यावर निघते आहे. शेवाळ मेलेलेच हवे, अशी आयोजकांची अट आहे. तेनरी येणार नाही. ती पुन्हा बंदरावर बरणी घेऊन जाते. मी बरणी धरतो म्हटले, तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली. त्याचे मला वाईट वाटले, आणि त्यावर नवे निवेदनही सुचले.

एव्हाना पंप म्हणजे विवेक, नळ्या म्हणजे समाज, असे काहीसे तुमच्याही मनात आले असेल. अशा जाणकारांसाठी दौऱ्यात पहिली रांग राखून ठेवली आहे. (वास तिथे जास्त येतो.)