एक नंबर, त्रेसष्ट असामी: मेहकरच्या उन्हाळी शिबिराची हकीकत

श्रोतेमंडळींनी पंखा एक नंबरावर ठेवून कान द्यावे. मे महिन्याच्या ऐन तलखीत, मेहकर मुक्कामी, संगणकी समाजशास्त्राचे अकरा दिवसांचे शिबिर जाहले, त्याची ही हकीकत, किंचित पदरचे मीठ घालून लिहिली असे.

पुण्याहून शिबिरप्रमुख डॉक्टर भगवानराव खासा दाखल जाहले, आणि चौदा पीएचडीवाले लॅपटॉप कसून आले, आणि कूलर एकच म्हणून त्याच्या पुढल्या जागेवरून हातघाई जाहली, मग तह होऊन तासातासाने मोर्चे बदलू लागले.

त्यांत समताबाई, डोणगावापलीकडल्या एका वस्तीच्या लेक. ‘अडचणीत कोण कोणाकडे जातो’ हे तेथील एकशे चाळीस असामींस पुसून, नावे व फोननंबर भरून त्यांनी आणिले होते, आणि प्रबंधाचा तिसरा अध्याय सगळा त्यावर उभा. मग यंत्रास हुकूम जाहला की, नंबरावरून माणूस ओळखावा. यंत्राने पडद्यावर जाळे मांडिले, तो मधला एकच ठिपका परातीएवढा! वय एकोणीस आणि एक्याऐंशीही, बाई आणि बुवाही, आपलीच सासू आणि आपलीच सून.

दरबार खदखदा हसला. भगवानरावांचे फर्मान सुटले की, एकाच नंबराच्या या त्रेसष्ट नोंदी बनावट दिसतात, सबब चार वाजेतो खोडाव्या.

समताबाईंनी यादी उघडिली, आणि

(येथे बखरकारास पाणी प्यावे लागले.)

आणि सतराव्या ओळीत त्यांच्या मातुश्री संजीवनीबाई निघाल्या. वस्तीतली अवघी खालची गल्ली त्यांत होती. नंबर तर तोंडपाठ: टेकाडावरील पिठाच्या गिरणीवाल्या बेबीताईंचा. वस्तीत रेंज येते ती गिरणीपाशीच, म्हणून खालची गल्ली जिथे तिथे तोच नंबर देते, आणि समताबाई त्याच गल्लीत वाढल्या, सबब भरताना त्यांस काही खटकलेच नाही.

साडेतीन वाजले होते. समताबाईंनी भर दरबारी बेबीताईंस फोन लाविला आणि स्पीकर खुला केला.

“मावशी, माह्यी माय अन् गोजरबाई एकच मानूस हाय म्हनते यंत्र!”

“काऊन वं, भांग पेलं का तुह्यं यंत्र? एकच मानूस हाय त मंग एवढं दळन कोन खाऊन राह्यलं?”

मग ताईंनी गिरणी बंद करविली आणि असामीवार रुजुवात मांडिली: गोजरबाईंच्या लेकाचा फोन आइतवारी, उकंडरावांस दवाखान्याचा बोलावा आला तो सांगावा जाणाऱ्या बैलगाडीवर दिला, आणि राखीच्या नोकरीचा फोन आला तेव्हा पायलीभर ज्वारी गिरणीच्या पाळ्यात सोडून ताई खासा धावल्या. कागद नाही, पडदा नाही, पंचवीस मिनिटांत त्रेसष्ट असामी वेगळ्या उभ्या केल्या. भगवानरावांनी चष्मा उतरविला आणि हुकूम फिरविला की, नोंदी कायम कराव्या, ताईंस चौसष्टावी असामी म्हणून जाळ्याच्या मध्यभागी बसवावे, आणि तिसरा अध्याय त्यांजवरच लिहावा.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. दुसरे दिवशी लष्कर रुजुवातीस वस्तीवर उतरले, तो पंधराही फोन मुके पडिले. दुपारी भगवानरावांच्या कुटुंबाचा, त्यांनी घरी देऊन ठेविलेल्या गिरणीच्या नंबरावर, पुण्याहून फोन आला, तो बेबीताईंनी घेतला, आणि साहेब दोन भाकरी जेवून निजले आहेत, असे कळविले. ही पासष्टावी नोंद.