वेळ उरल्यास

जागेश्वर पास्टरांच्या उपदेशाचं चौथं पान त्या रविवारी गायब होतं, आणि ते गायब आहे हे त्यांना तिसरं पान संपल्यावर कळलं. समोर सतरंज्यांवर पन्नास-साठ माणसं बसलेली, लाऊडस्पीकर चालू, आणि पास्टरांच्या तोंडात अर्धं वाक्य. "तर मंडळी, आपल्या दारात जो उभा आहे, त्याला..."

त्याला काय, ते चौथ्या पानावर होतं. पास्टरांनी तिसरं पान उलटून पाहिलं, पहिलं पाहिलं, खिसे चाचपले, मग नाइलाजानं छताकडे पाहिलं. मंडळींना वाटलं, पास्टरांना भरून आलं. दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला.

काळी टोली ही तुमसरच्या पुढं, मँगनीजच्या एका लहानशा खाणीला चिकटलेली वस्ती. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन चार-पाच वर्षं झाली होती, गोंदिया आपला संसार घेऊन वेगळा निघाला होता, पण काळ्या टोलीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिथला कारभार टेकडीवरच्या सायरनच्या हातात होता. सायरन झाला की पाळी सुरू, सायरन झाला की पाळी खतम. रविवारी खाणीला सुट्टी, तरी दुपारी बाराचा एक सायरन व्हायचाच, लोकांनी जेवावं म्हणून. लोक घड्याळं सायरनवर लावत. दोघांत फरक पडला तर चूक घड्याळाची.

चर्चची उपासनाही सायरनलाच बांधलेली. पास्टर घड्याळ वापरत नसत. देवाच्या कामात मनगटाकडे पाहणं त्यांना कसंसंच वाटे. आणि गंमत अशी की गेली आठ वर्षं त्यांचा उपदेश बरोबर बाराच्या सायरनला संपत आला होता. पास्टर कागदावरून मान वर करत, "आता शेवटी, मंडळी" म्हणत, आणि टेकडीवरून सायरन वाजे. मग आमेन, आशीर्वाद, घरोघर जेवणं. भंडाऱ्याला पास्टर लोकांची बैठक झाली की जागेश्वर पास्टर ही गोष्ट हटकून सांगत. नम्रपणे सांगत, पण सांगत.

सायरनच्या आधी कोणी उठायचं नाही, हा नियम मात्र लक्ष्मणरावांचा. लक्ष्मणराव म्हणजे खाणीतले रिटायर मुकादम आणि मंडळीचे पंच. खाणीत तीस वर्षं माणसं रांगेत उभी केली, आता चर्चमध्ये बसवत होते. दाराशी त्यांची खुर्ची, आणि कमरेला चर्चच्या आवारातल्या बोरिंगची किल्ली.

त्या किल्लीनंच सगळा घोळ केला होता. चर्चच्या मागं ठेक्यावरच्या मजुरांचा टोला, म्हणजे वेगळी वस्ती होती. त्यांत बौद्ध घरं होती, हिंदू घरं होती, पाणी मात्र कोणाच्याच घरी नव्हतं. उन्हाळा लागला की बाया कोसभर लांबच्या नाल्यात झिरे खोदून पाणी भरत. आणि चर्चच्या बोरिंगला बारमाही पाणी, त्याच्यावर जाळीचं फाटक, फाटकाला कुलूप.

फेब्रुवारीतच टोल्यावरची लीलाबाई पास्टरांच्या दारात येऊन उभी राहिली होती. "पास्टरजी, मी काही तुमच्या मंडळीतली नाही, आमी बुद्धाचे लोक. पन तुमच्या भोंग्यातून दर रविवारी आयकू येते, शेजाऱ्यावर प्रेम करा म्हनून. मंग मले सांगा, आमी कोन आहो?"

पास्टर भले माणूस. त्यांना रात्रभर झोप आली नाही. पण लक्ष्मणरावांपुढं तोंड उघडणं त्यांना जमत नसे. एकदा विषय काढून पाहिला होता, तर लक्ष्मणराव म्हणाले, "फाटक उघडलं का सारी टोली येईन. मोटर जळली तं कोन पाहीन? तुमी उपदेश करा जी, बोरिंगचं मी पाहतो." म्हणून पास्टरांनी लीलाबाईला शब्द दिला, की मी येत्या रविवारी उपदेशातच बोलतो, सगळ्यांसमोर. तेव्हापासून पाण्याचा विषय दर रविवारी चौथ्या पानावर असे. आणि दर रविवारी पास्टर "आता शेवटी" म्हणत तोच सायरन होई. पास्टर हळहळत. खरं सांगायचं तर त्यांना थोडं सुटल्यासारखंही वाटे. लीलाबाई दाराबाहेर कडुनिंबाखाली बसून ऐकत असे. मग ती रिकामा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, डोक्यावर घेई आणि नाल्याची वाट धरी.

असे सात रविवार गेले. हा आठवा.

"त्याला," पास्टर म्हणाले, "त्याला आपण... ओळखलं पाहिजे." हे बरं जमलं. आता सायरन होईलच, असं मनाशी म्हणून त्यांनी टेकडीच्या दिशेला कान दिला. सायरन झाला नाही. म्हणजे बारा वाजले नाहीत. म्हणजे वेळ होता, आणि वेळ आहे तोवर बोलणं भाग होतं.

पास्टरांनी दुसऱ्या पानावरची गोष्ट पुन्हा घेतली. कुठल्याशा देशात एक वाटसरू सायकलवरून पडतो, दोन मोठी माणसं बाजूनं निघून जातात, तिसरा गरीब माणूस थांबतो. सांगून झाली. सायरन नाही.

दाराशी लक्ष्मणरावांनी मनगट पाहिलं. घड्याळात सव्वाबारा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, चावी ओढली आणि काटे मागं नेऊन पावणेबारावर आणले. शेजारी बसलेल्या माणसाला हळूच म्हणाले, "नवाच सेल टाकला, तरी पुढं पळून राहिलं."

पास्टरांपाशी दुसरी गोष्ट नव्हती. त्यांनी तीच तिसऱ्यांदा सुरू केली. पण एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची म्हणजे माणसाला तपशील लागतात, आणि तपशील जवळचेच सुचतात. वाटसरू आता तुमसर रोडनं येऊ लागला. मोहाच्या झाडाजवळ पडला. "ऊन कसं, तं आपल्या एप्रिलचं. आणि मंडळी, त्याला दुसरं काही नको होतं. त्याला पाणी पाहिजे होतं."

हे वाक्य गोष्टीत नव्हतं. ते कुठून आलं, पास्टरांनाच कळेना. कडुनिंबाखाली लीलाबाई सरळ होऊन बसली. तिच्यासोबत आज टोल्यावरच्या चार-पाच बाया होत्या, प्रत्येकीजवळ रिकामा गुंड.

"पहिला माणूस आला तो कोण होता?" पास्टरांनी विचारलं आणि स्वतःच थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तो पास्टर होता. त्याच्या बॅगेत प्रेमावर चार पानांचा उपदेश होता. त्यानं पडलेल्या माणसाला सांगितलं, मी येत्या रविवारी तुझ्याबद्दल बोलतो."

मंडळीत कोणीतरी हसलं, पण पास्टर हसत नाहीत हे पाहून गप्प झालं. पहिल्या सतरंजीवर पास्टरांच्या पत्नी सुलोचनाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

इकडे लक्ष्मणरावांची वेगळीच तगमग चालली होती. ते विधुर माणूस. आठवडाभर वरण-भातावर काढत, पण रविवारी मटण स्वतः रांधत. त्यांचं घर चर्चच्या भिंतीला लागून. निघताना ते चुलीत दोन लाकडं सारून, वर मटणाचा गंज, तिकडचं मोठं पातेलं, ठेवून येत, आणि सायरन झाला की बरोबर शिजलेलं मटण उतरवत. मघापासून खिडकीतून मसाल्याचा वास येत होता. आता त्या वासाला करपट कड आली होती. लक्ष्मणराव अर्धे उठले.

"लक्ष्मणभाऊ," शेजारचा कुजबुजला, "सायरन नाही झाला अजून."

नियम कोणाचा होता? लक्ष्मणराव बसले. घड्याळात पुन्हा बारा वाजून गेलेले. त्यांनी ते पुन्हा मागं नेलं, या वेळी जरा रागानं.

"आणि दुसरा माणूस," पास्टर म्हणाले. कागद नसल्यामुळं लपायला जागा नव्हती. "दुसऱ्याच्या कमरेला किल्ली होती. वाईट माणूस नव्हता तो. त्याला वाटलं, पाणी दिलं तर पाणी संपेल, मोटर जळेल. पण पाणी कोणी पाजलं नाही, तर देवाचं घर म्हणजे नुसत्या चार भिंती, आणि आपण आत बसून गाणी म्हणणारे लोक. मंडळी, मी हे फेब्रुवारीतच बोलणार होतो. मला भीती वाटत होती. आपल्या बोरिंगचं कुलूप काढलं पाहिजे."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. लक्ष्मणराव उभे राहिले. तोंड लाल झालेलं.

"पास्टर, हा विषय पंचांच्या मीटिंगमधला आहे. मोटर आमी बसवली, सांभाळ आमी केला. उद्या सारे येतीन, चिखल करतीन, अन् मंग निस्तरायले..."

"लक्ष्मणभाऊ," बाहेरून लीलाबाईचा शांत आवाज आला, "तुमच्या रांधनखोलीतून धूर येऊन राहिला."

पुढचं सगळं फार भराभर झालं. लक्ष्मणराव सायरनची वाट न पाहता धावले, त्यांच्यामागं सगळी मंडळी. चुलीतलं लाकूड बाहेर सरकून जळणाच्या ढिगाला लागलं होतं. घरातल्या माठात तांब्याभर पाणी. लक्ष्मणरावांनी ते ओतलं, धूर दुप्पट झाला.

"भाऊ, किल्ली," लीलाबाई म्हणाली.

"काय?"

"किल्ली द्या ना जी. बोरिंग हे काय इथं हाय अन् आमी गुंड घेऊन उभ्या आहो."

लक्ष्मणरावांना घाईत गाठ सुटेना. त्यांनी करदोट्यासकट किल्ली ओढून दिली. फाटक उघडलं, मोटर सुरू झाली, आणि कोसभर पाणी वाहायची सवय असलेल्या बायांना तीस पावलं म्हणजे काय? गुंडामागून गुंड येत गेला. पाच मिनिटांत आग विझली. जळण गेलं, एक टॉवेल गेला आणि मटण गेलं. गंज इतका काळा झाला होता की तो खाणीतून काढल्यासारखा दिसत होता.

लक्ष्मणराव ओल्या पायरीवर बसले. लीलाबाईनं कुलूप-किल्ली त्यांच्यापुढं धरली. "घ्या भाऊ, सांभाळा."

लक्ष्मणरावांनी किल्ली मागं सारली. "राहू दे तुमच्याचजवळ," ते म्हणाले. "मले काय, धावपळीत सापडत नाही ते." मग दुसरीकडे बघत, "चांगलं केलं बाई तुमी. मी इतके दिवस... जाऊ द्या."

लीलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ते धुरामुळं होतं की कशामुळं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

एवढ्यात टेकडीवरून सायरनवाला डोमा धापा टाकत खाली आला. पास्टरांनी त्याला गाठलं. "डोमाभाऊ, आज सायरन काहून नाही झाला?"

"मीच तुमाले पुसायले आलो," डोमा म्हणाला. "तुमी शेवटी काहून नाही म्हटलं?"

"म्हणजे?"

"आवो, माहं तिथलं घड्याळ आठ वर्सापासून बंद हाय. बाकी दिवस टाइम ऑफिसातून फोन येते. रविवारी ऑफिसले कुलूप. मंग मी तुमच्या भोंग्यावर कान ठेवून बसतो. तुमी शेवटी म्हटलं का बटन दाबतो. तुमचं टायमिंग एकदम पक्कं असते जी, साऱ्या खाणीत असं कोनाचं नाही."

भंडाऱ्याच्या बैठकीत आठ वर्षं सांगितलेली गोष्ट पास्टरांच्या डोळ्यांपुढून सरकत गेली. लक्ष्मणरावांनीही सगळं ऐकलं होतं. काळ्या गंजाकडे पाहत ते म्हणाले, "पास्टर, येत्या रविवारी पहिल्याच वाक्यात शेवटी म्हणा."

पास्टर घरी आले तेव्हा सुलोचनाबाई तांदूळ धूत होत्या. पिठाच्या डब्याखालून एका कागदाचं टोक डोकावत होतं. पास्टरांनी तो ओढला. त्यांचंच अक्षर. वर ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलेलं, मग 'आता शेवटी, मंडळी.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'पाण्याचा विषय. वेळ उरल्यास.'

"हे तू काढलंस?"

"हो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी पहिल्या सतरंजीवर बसते. सात रविवार पाहून राहिली. तुमी शेवटी म्हटलं का सायरन होते, अन् सायरन झाला का तुमाले हायसं वाटते. डोमाचं मले काही ठाऊक नव्हतं. म्हटलं, एक रविवार तुमच्याजवळ शेवटीच नको, पाहू काय होते ते."

पास्टरांनी कागदाची घडी घातली. त्यांना राग यायला हवा होता, पण आठ आठवड्यांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटत होती आणि भूक लागली होती.

"लक्ष्मणभाऊ जेवायले येनार आहेत आपल्याकडं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "भात पानी मागून राहिला. जा, गुंडभर आना."

बोरिंगवर एव्हाना सारी टोली लोटली होती. चिखलही झाला होता, अगदी लक्ष्मणराव म्हणाले होते तसाच, आणि त्या चिखलात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लक्ष्मणराव स्वतः उभे होते. मुकादमाला रांग मिळाली होती, त्याला आता कोण हलवणार? "ढकलू नका. एकेक गुंड. ए बाई, नळी वाकवू नको." पास्टर सरळ फाटकाकडे निघाले, तसा लक्ष्मणरावांनी हात आडवा केला.

"पास्टर, लाइन आहे."

"कुठून आहे?"

लीलाबाईनं आपल्यामागच्या वीसेक बायांकडं बोट दाखवलं. पास्टर निमूटपणे जाऊन सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले.

तेवढ्यात टेकडीवरून बाराचा सायरन झाला. खरे किती वाजले होते ते विचारण्यात अर्थ नाही. डोमाला रजिस्टरवर बाराच्या सायरनपुढं सही करायची होती. लक्ष्मणरावांनी ओलं मनगट शर्टाला पुसून घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. दोनदा मागं ढकललेले काटे बरोबर बारावर आले होते.

"पाहा," ते रांगेला म्हणाले, "माहं घड्याळ बरोबर होतं."