खाली किती येतंय ते सांगा

ॲम्प्लिफायर पारखताना भीमण्णा दुकानात पाठमोरे बसून गिटार वाजवत आणि मला बाहेरच्या पायरीवरून हाक मारायला लावत. हाक ठरलेली होती : ‘अवो, चा झालाय.’ गुलबर्ग्याच्या भर बाजारात चाळिशी ओलांडलेल्या गणिताच्या शिक्षकाने चित्रकलेच्या शिक्षकाला ‘अवो’ म्हणायचे, हे दृश्य पाहायला शेजारचा कापडवाला हातातले गिऱ्हाईक सोडून बाहेर येई.

भीमण्णा आळंदला माझ्याच शाळेत होते. तरुणपणी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत. ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा गिटार आणि मांडवातला ॲम्प्लिफायर त्यांच्या वाट्याला आला. त्या यंत्राचा सर्वांत लहान आवाजसुद्धा अख्ख्या वऱ्हाडाला पुरणारा होता. म्हणून त्यांना घरात हळू वाजवण्याजोगे यंत्र हवे होते, आणि ते मिळाल्याशिवाय ते हटणार नव्हते.

‘वर किती जातंय ते सोडा. खाली किती येतंय ते सांगा.’ हा त्यांचा प्रश्न. तो त्यांनी दुकानात पंख्याबद्दल विचारला, स्टोव्हबद्दल विचारला. नवे मुख्याध्यापक तापट आहेत असे कळल्यावर त्यांच्याबद्दलही विचारला.

दुकानदार हतबल होई. ‘मास्टरसाब, लोगां बडा आवाज पूछते. तुमे छोटा पूछ रै!’

‘मोठा आवाज गाढवालाबी येतोय,’ भीमण्णा बटण मागे फिरवत म्हणत. ‘सर, मारा हाक.’

मी हाक मारी. ते वाजवतच राहत. मग गिटार खाली ठेवून मान हलवत : ‘न्हाई. आलं न्हाई ऐकू. दुसरं दावा.’

अशा तीन सुट्ट्या गेल्या. चौथ्या सुट्टीत पाचवे यंत्र निघाले, तेव्हा आळंदची बस सुटायची वेळ झाली होती. कापडवाला हसत होता. मी आवाज चढवला. थोडासाच चढवला, असे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो.

भीमण्णा गर्रकन वळले. ‘आलं! हेच बांधा!’

मला बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. वाटेत भीमण्णा ते खोके मांडीवर घेऊन बसले होते.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शांताक्का वर्षभर अर्धांगाने अंथरुणावर होत्या. शाळेत सर्वांना ठाऊक होते, मलाही होते. उद्या जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणत मी त्यांना भेटायला एकदाही गेलो नव्हतो.

दार उघडेच होते. भीमण्णा पाठमोरे बसून, डोळे मिटून वाजवत होते. आतल्या खोलीतून सुताएवढा बारीक आवाज आला : ‘अवो, चा झालाय.’

भीमण्णा वाजवत राहिले.

पुन्हा तोच आवाज आला. तिसऱ्यांदा फक्त ‘अवो’ आले. मग तेही थांबले.

मी पुढे होऊन यंत्र बंद केले. ‘अक्का हाक मारतायत.’

ते धावत आत गेले. पाणी पाजले, उशी सरळ केली, आणि बाहेर येऊन चुलीवर चहाचे आधण ठेवले. चहा झालेला नव्हताच. वर्षभर घरचा चहा भीमण्णाच करत होते.

‘तेवढेच दोन शब्द नीट येतेत तिला,’ ते म्हणाले. ‘पाणी पायजे असलं तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. समोर बघत बसलो की रडती. हातानं खुणावती, वाजवा म्हणून. यंत्र न्हाई लावलं तर तिला आत ऐकू जात न्हाई, लावलं तर मला तिचं ऐकू येत न्हाई.’ मग यंत्राकडे पाहत म्हणाले, ‘पण दुकानात तर आलतं की ऐकू. कामून असं व्हायलंय?’

मी त्यांना कारण सांगितले. बसचेही सांगितले. ‘चुकलो मी, भीमण्णा.’

त्यांनी आधणात चहाची पूड टाकली. रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

‘उद्या सुट्टी हाय,’ ते म्हणाले. ‘बदलून आणू. पर आधी आत जाऊन बसा. तिचा आवाज नीट ऐकून घ्या. उद्या तसाच काढायचा.’

मी खाटेजवळ बसलो. शांताक्कांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना येत होते तेवढे दिले : ‘चा झालाय.’ मी ते पुटपुटून पाहिले. चुलीपासून भीमण्णा ओरडले, ‘लई मोठं व्हायलंय, सर! अजून खाली या!’ अक्कांच्या ओठांचा एक कोपरा हलला. चहा उकळेपर्यंत आमची तालीम चालली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तीन यंत्रे दाखवली. तिन्ही नापास झाली. बस निघून गेली, जाऊ दिली. शेवटी त्याने माळ्यावरून रेडिओएवढी धुळकट पेटी काढली. भीमण्णांनी पाठ फिरवून वाजवायला सुरुवात केली. मी पायरीवर उभा राहिलो आणि ओठांवरच राहील इतक्या हळू म्हणालो, ‘अवो, चा झालाय.’

‘आलो, आलो,’ म्हणत भीमण्णांनी गिटार खाली ठेवली आणि उठून दोन पावले चाललेसुद्धा. मग समोर पंख्यांची रास दिसली, तसे ते थांबले.

कापडवाला हसला नाही. दुकानदाराने काही न विचारता पेटीवरची धूळ पुसली आणि बांधायला सुतळी घेतली.